खंड्या किती पिक्सेलचा? टेलिफोटो झूम आणि फोटो मांडायची जागा कशी निवडावी

"चारशे घेऊ की सहाशे?" पक्ष्यांचे फोटो काढायला लागलेला प्रत्येक माणूस हा प्रश्न कधी ना कधी विचारतो. तो सोडवायला सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी लागते. फोटो शेवटी कुठे दिसणार आहे ते आधी ठरवा, मग किती मिलिमीटरची लेन्स हवी ते साध्या गुणाकार-भागाकाराने निघतं. हा हिशेब न करता लेन्स घेतली की दोनातलं एक होतं. एक तर दोन किलोची नळी कपाटात पडून राहते, नाही तर घेतलेली लेन्स सहा महिन्यांत "कमी पडते".

इथे डोळ्यांसमोर पक्षी ठेवले आहेत, मधूनमधून वाघही येईल. क्रिकेट किंवा गणपतीची मिरवणूक टिपायची असेल तरी गणित तेच राहतं.

आधी पिक्सेल मोजा

इन्स्टाग्रामवर उभा फोटो १०८० पिक्सेल रुंद दिसतो. फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर कुणी मोठा करून पाहिला तर बहुतेक वेळा लांब बाजू २०४८ पिक्सेलच्या आसपास असते. भिंतीवर लावायला १२ बाय १८ इंचांचा प्रिंट ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) काढायचा तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. या तीन जागांच्या गरजा एवढ्या वेगळ्या आहेत.

पक्षी चौकटीच्या साधारण ४० टक्के रुंदीत बसला की चित्र भरल्यासारखं वाटतं. म्हणजे इन्स्टाग्रामसाठी पक्षी ४००-४५० पिक्सेलचा, फ्लिकरसाठी ८०० पिक्सेलचा आणि त्या प्रिंटसाठी २००० च्या पुढचा हवा. पण कॅमेऱ्यातून नेमके तेवढेच पिक्सेल घेतले तर पिसांचा तपशील भुरकट आणि दाणेदार दिसतो. स्क्रीनसाठी दुप्पट टिपून निम्म्यावर आणायचं, म्हणजे नॉइज (दाणे) दबतो आणि पिसं रेखीव दिसतात. तेव्हा इन्स्टाग्रामसाठी ८००-९००, फ्लिकरसाठी १६०० हे धरून चला. प्रिंट लांबून पाहिला जातो, त्याला दुपटीची गरज नाही.

आता हिशेब. पक्ष्याची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या, तिला फोकल लेंथने (लेन्सवर लिहिलेल्या मिलिमीटरने) गुणा आणि मीटरमधल्या अंतराने भागा. जे येईल त्याला कॅमेऱ्याच्या गुणकाने गुणा. २४ मेगापिक्सेलच्या निकॉन किंवा सोनी एपीएस-सी (लहान सेन्सरच्या, म्हणजे 'क्रॉप') कॅमेऱ्याचा गुणक अडीच. कॅननचा सेन्सर किंचित लहान, म्हणून तिथे २.७. २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) असेल तर १.७, ४५ मेगापिक्सेलचा असेल तर २.३. २० मेगापिक्सेलच्या मायक्रो फोर थर्ड्सला (एपीएस-सीहून लहान सेन्सर) ३ धरा.

आपला नेहमीचा खंड्या २८ सेंटिमीटरचा. विहिरीच्या काठावर १५ मीटरवर बसलाय, हातात २५० मिमीची लेन्स आहे. २८ गुणिले २५० भागिले १५ म्हणजे साधारण ४६७, त्याच्या अडीचपट म्हणजे जवळजवळ ११७०. इन्स्टाग्रामसाठी हे मुबलक आहे. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या ५५-२५० ने काम झालं, खर्च शून्य. त्याच फांदीवर लहान खंड्या आला, जेमतेम १६ सेंटिमीटरचा, तर २५० मिमीला ६६७ पिक्सेल मिळतील, ४०० मिमीला १०६७ आणि ६०० मिमीला १६००. फ्लिकरवर मोठ्या आकारात त्याचं पीस न् पीस दाखवायचं असेल तरच सहाशेची गरज पडते.

या गणितातून आणखी दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे अंतराची ताकद. १५ मीटरवरून १० वर आलात की २५० ची लेन्स ३७५ ची झाली, आणि त्याला पैसे पडत नाहीत. झुडपाआड बसून वाट पाहणं किंवा मोटारीच्या खिडकीतून फोटो काढणं हा सगळ्यांत स्वस्त टेलिकन्व्हर्टर (लेन्स लांब करणारा जोड) आहे. दुसरी गोष्ट, "क्रॉप कॅमेऱ्यावर ४०० ची ६०० होते" हे वाक्य अर्धवट खरं आहे. चौकट अरुंद होते, लेन्स लांब होत नाही. ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमचा गुणक २.३ आणि क्रॉपचा २.५. पक्ष्यावर पडणारे पिक्सेल जवळपास सारखेच.

ताडोबा आणि भिगवण: दोन टोकं

वाघाला हाच हिशेब लावा. आडवा उभा वाघ, शेपूट सोडून १८० सेंटिमीटर धरला, जिप्सीपासून १५ मीटरवर. ४०० मिमीला १८० गुणिले ४०० भागिले १५ गुणिले अडीच म्हणजे १२,०००. कॅमेऱ्याची चौकटच ६००० पिक्सेल रुंद आहे! निम्मा वाघ बाहेर. तो अख्खा मावायला २०० मिमीला काठोकाठ, आणि आजूबाजूचा बांबू, धुळीचा रस्ता यायला हवा असेल तर १०० मिमीच लागते. म्हणून ताडोबात १००-४०० हाताशी असलेला माणूस सुखी असतो, आणि क्रॉप कॅमेऱ्यावर २००-६०० लावून गेलेल्याकडे वाघाच्या डोळ्यांचे पन्नास फोटो जमा होतात. जंगलात लेन्स बदलायला वेळ नसतो आणि धुळीत ती बदलूही नये.

भिगवणला उलटं. उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) उथळ पाण्यात लांब उभे असतात. रोहित १३० सेंटिमीटर उंच, १५० मीटरवर. ६०० मिमीला १३०० पिक्सेल, ४०० मिमीला ८६७. कागदावर दोन्ही चालतात. प्रत्यक्षात ऊन चढलं की पाण्यावरची आणि चिखलावरची हवा तापून हलायला लागते, आणि मग लाखाची लेन्सही रबरासारखे वाकडे पाय टिपते. हा दोष लेन्सचा नाही, फोकसचाही नाही. ओळखायची खूण म्हणजे ओळीने दहा फोटो काढले तर प्रत्येकात वेगळाच भाग मऊ असतो. यावर उपाय दोनच: उजाडता नावेत बसणं आणि नावाड्याला इंजिन बंद करून वल्ह्याने जवळ न्यायला सांगणं. नांदूरमध्यमेश्वरला किंवा ठाणे खाडीतही हेच. एसी लावलेल्या मोटारीची काच खाली करून काढलेले फोटोही याच कारणाने मऊ येतात. आधी एसी बंद करा, पाच मिनिटं थांबा.

बाजारात काय काय आहे

सुरुवातीला कॅननची ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम (३७५ ग्रॅम) किंवा निकॉनची एएफ-पी डीएक्स ७०-३०० व्हीआर. दोन्ही हलक्या, स्वस्त आणि लोक समजतात त्याहून बऱ्याच तीक्ष्ण. एक वर्ष यांच्यावर काढा. किती अंतरावरून फोटो घेतले जातात आणि किती क्रॉप करावे (कडेने कापावे) लागतात हे त्या वर्षात आपोआप कळतं. पुढची खरेदी मग त्याच आकड्यांवर.

कॅननच्या मिररलेसवाल्यांसाठी (आत आरसा नसलेले नवे कॅमेरे) २०२१ मध्ये आलेली आरएफ १००-४०० ही सध्याची सगळ्यांत शहाणी खरेदी आहे. वजन ६३५ ग्रॅम, म्हणजे गळ्यात दिवसभर राहते. शिवाय जवळ फोकस करते, त्यामुळे फुलपाखरं आणि चतुर याच लेन्सवर निघतात. कमतरता एकच, उजेड कमी घेते (एफ-चा आकडा मोठा तितका उजेड कमी): ४०० मिमीला अ‍ॅपर्चर एफ/८. सह्याद्रीतल्या दाट झाडीत, पावसाळी सकाळी स्वर्गीय नर्तक पक्षी सावलीत नाचत असेल तर एफ/५.६ ला १६०० आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) लागतो तिथे या लेन्सला ३२०० लागेल. आजचे कॅमेरे तेवढं सहन करतात.

जुन्या डीएसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यांवर) कॅनन ईएफ १००-४०० ची दुसरी आवृत्ती (२०१४) अजूनही दणकट. वजन दीड किलोच्या थोडं वर, जवळचं फोकस ९८ सेंटिमीटर. सेकंडहँड बाजारात चांगली मिळते आणि अ‍ॅडाप्टर लावून कॅननच्या मिररलेस आर कॅमेऱ्यांवर पूर्ण चालते.

निकॉनची २००-५०० एफ/५.६ (२०१५) म्हणजे आपल्याकडच्या पक्षीवाल्यांची कामाची म्हैस. ५०० मिमीपर्यंत एफ/५.६ कायम, पण वजन २.३ किलो, फिल्टरचा व्यास ९५ मिमी आणि झूम रिंग इतकी लांब फिरवावी लागते की एका दमात २०० वरून ५०० वर जाता येत नाही. सिग्माची १५०-६०० कंटेंपररी १.९३ किलोची, टॅमरॉनची १५०-६०० जी२ साधारण दोन किलोची. सिग्माचीच 'स्पोर्ट्स' नावाची डीएसएलआर आवृत्ती २.८६ किलोची आहे. नाव सारखं म्हणून ती घाईने मागवू नका, हाताने धरून ती दहा मिनिटंही पेलत नाही.

सोनीची २००-६०० (२०१९) आणि निकॉनच्या मिररलेस झेड कॅमेऱ्यांची १८०-६०० (२०२३) या दोन्ही झूम केल्यावर लांब होत नाहीत. याचे फायदे दुकानात कळत नाहीत. ज्या लेन्सची नळी पुढे येते ती प्रत्येक वेळी बाहेरची हवा आत ओढते, सोबत उन्हाळ्यातल्या सफारीची धूळही. शिवाय नळी पुढे गेली की तोल बदलतो. आतल्या आत झूम होणाऱ्या लेन्सला हे दोन्ही त्रास कमी. उलट बाजूने पाहिलं तर ती बॅगेत कायम पूर्ण लांबीची राहते. कॅननची आरएफ २००-८०० (२०२३) दोन किलोत ८०० मिमीपर्यंत जाते, पण तिथे एफ/९. उघड्या पाणथळीवर ती राणी, झाडीत मात्र अंधार.

टेलिकन्व्हर्टरबद्दल थोडक्यात: १.४ पटीचा घेतला की एक स्टॉप, म्हणजे निम्मा, उजेड जातो, २ पटीचा घेतला की दोन. एफ/६.३ च्या झूमवर १.४ लावला की एफ/९ होतं. बऱ्याच डीएसएलआरचा ऑटोफोकस तिथे चाचपडायला लागतो किंवा बंदच पडतो. अशा झूमवर कन्व्हर्टर लावण्यापेक्षा फोटो क्रॉप करा.

कॅमेऱ्याशी जुळते का

पैसे इथेच अडकतात, त्यामुळे हा भाग सावकाश वाचा.

निकॉनची २००-५०० 'ई' प्रकारची आहे, म्हणजे तिचं अ‍ॅपर्चर विजेवर चालतं. डी९० किंवा डी८० सारख्या जुन्या कॅमेऱ्यावर ते मिटतच नाही, कायम सताड उघडं राहतं. एएफ-पी लेन्स डी९० आणि डी७००० वर ऑटोफोकसच करत नाहीत. याउलट डी३५०० किंवा डी५६०० मध्ये फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स त्यांच्यावर हाताने फिरवाव्या लागतात. झेड कॅमेऱ्यावर एफटीझेड अ‍ॅडाप्टर लावलात तरी एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस मिळत नाही, एएफ-एसचा (ज्यांची मोटर लेन्समध्येच असते) मिळतो.

सिग्मा आणि टॅमरॉनच्या डीएसएलआर लेन्सना नव्या बॉडीवर (कॅमेऱ्यावर) कधीकधी फर्मवेअर (लेन्समधलं सॉफ्टवेअर) बदलावं लागतं. त्यासाठी सिग्माचा यूएसबी डॉक आणि टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल असतो. सेकंडहँड घेताना विकणाऱ्याकडे तो आहे का विचारा, बहुतेकदा तोही स्वस्तात पदरात पडतो.

दुकानात करायची चाचणी

कार्ड आणि स्वतःची बॉडी घेऊन जा. वर्तमानपत्राचं लहान अक्षरांचं पान (निविदा आणि जाहीर नोटिसांचं पान उत्तम) भिंतीवर चिकटवा, १०-१२ मीटरवर ट्रायपॉड लावा. पूर्ण झूम, स्टॅबिलायझर (हाताचा कंप घालवणारी सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर. आधी अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून तीन फोटो, मग एफ/८ ला तीन. प्रत्येक वेळी फोकस बिघडवून पुन्हा लावा.

डीएसएलआर असेल तर हेच एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या स्क्रीनवर पाहून) करा. लाइव्ह व्ह्यूमध्ये अक्षरं लख्ख आणि व्ह्यूफाइंडरमधून मऊ येत असतील तर काच चांगली आहे, फक्त फोकसची जुळणी सरकली आहे. वरच्या श्रेणीच्या बॉडीत ती मेनूमधून दुरुस्त करता येते. डी५६०० किंवा १५००डी सारख्या बॉडीत ती सोयच नाही, तिथे दुसरा नग मागा. दोन्हींत मऊ असेल तर लेन्स परत द्या. मग कागद चौकटीच्या डाव्या आणि उजव्या टोकाला आणून बघा. एक बाजू स्पष्ट आणि दुसरी विरघळलेली दिसली तर आतलं भिंग तिरकं बसलंय. हा दोष घरी सुटत नाही.

जुनी लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने आत सोडा आणि पुढून तिरक्या नजरेने पाहा. धुळीचे चार कण असले तर दुर्लक्ष करा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या दिसल्या तर ती बुरशी. सगळीकडे दुधासारखा पडदा दिसला तर उजेडाकडे तोंड करून काढलेले फोटो कायम धुरकट येणार. माउंटचे (कॅमेऱ्याला जोडायच्या कड्याचे) स्क्रू खरवडलेले असतील तर लेन्स कुणीतरी उघडली आहे. लेन्स तोंड खाली करून धरा. नळी आपोआप घसरत असेल तर त्याला फार घाबरू नका, झूम लॉक असतो. मात्र स्टॅबिलायझर चालू केल्यावर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र सतत उड्या मारत असेल किंवा आतून खरखर येत असेल तर निघून या. बिलावरचा सीरियल नंबर लेन्सवरच्या नंबराशी ताडून बघा. बाहेरच्या देशातून आलेल्या स्वस्त नगावर इथली वॉरंटी बहुतेक वेळा चालत नाही.

खरेदीआधी शनिवार-रविवार भाड्याने घेणं फायद्याचं. पुण्या-मुंबईत लेन्स सहज भाड्याने मिळतात, ओळखपत्र आणि अनामत लागते. भाड्याच्या लेन्सवर दोन गोष्टी तपासा: दोन तासांनंतर खांदा काय म्हणतो, आणि घरी येऊन मोजल्यावर पक्षी खरोखर किती पिक्सेलचा आला.

वापरताना कुठे चुकतं

स्टॅबिलायझर तुमच्या हाताचा कंप घालवतो, पक्ष्याचा नाही. बसलेल्या पक्ष्याला शटर १/५०० सेकंद पुरतं, मान हलवणाऱ्याला १/१०००, उडत्याला १/२०००. आयएसओ ऑटोवर टाका आणि दाणे आले तर येऊ द्या. दाणे सॉफ्टवेअरमध्ये कमी होतात, हललेलं चित्र सुधारत नाही.

फोकस लिमिटरची कळ "१० मीटरच्या पुढे" वर राहिली आणि समोर तीन मीटरवर फुलपाखरू आलं की लेन्स नुसती मागेपुढे करत राहते. "लेन्स बिघडली" म्हणून येणाऱ्या तक्रारींत या कळीचा वाटा मोठा असतो.

९५ मिमीचा स्वस्त यूव्ही फिल्टर लावू नका. लांब फोकल लेंथला त्या काचेचा छोटासा बाकही मोठा होऊन दिसतो, फांद्यांच्या कडा दुहेरी येतात. संरक्षणाला हूड पुरेसा आहे. दोन किलोची लेन्स उचलताना ती कॉलरच्या (लेन्सभोवतीच्या कड्याच्या) पायाला धरून उचला. कॅमेऱ्याला धरून लोंबकळत ठेवली की सगळा भार माउंटवर येतो. जिप्सीत ट्रायपॉडला जागा नसते. जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्ही टोकं शिवा, आत दोन-अडीच किलो राजमा भरा आणि ती पिशवी कठड्यावर ठेवा. पावसाळा संपल्यावर तेवढा राजमा बदला, आत किडे होतात.

आणि बुरशी. कोकण, गोवा, मुंबईत जून ते सप्टेंबर लेन्स कपड्यांच्या कपाटात ठेवणं म्हणजे बुरशीला निमंत्रण. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राखणारं ड्राय कॅबिनेट घ्या. ते नको असेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढ्यावर भागतं. निळी सिलिका गुलाबी झाली की तापवून पुन्हा निळी करता येते, पण स्वयंपाकाच्या भांड्यात अजिबात नको, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. चामड्याच्या किंवा फोमच्या पिशवीत लेन्स कायमची ठेवू नका. हॉटेलच्या एसी खोलीतून बाहेर पडताना बॅग बंद ठेवून अर्धा तास थांबा. नाही तर चोडणच्या खाडीवर पोचल्यावर पहिले वीस मिनिटं काच पुसण्यात जातील.

फोटो मांडायची जागा

एकाच जागेकडून चार कामांची अपेक्षा ठेवली की निराशा होते. लोकांनी पाहावं, पक्ष्याची नोंद राहावी, काम मिळावं आणि मूळ फाइल सुरक्षित राहावी ही चार वेगळी कामं आहेत.

लोकांनी पाहावं म्हणून इन्स्टाग्राम. आडवा फोटो मोबाइलवर चिंचोळी पट्टी होऊन दिसतो, म्हणून १०८० बाय १३५० असा उभा क्रॉप करून स्वतःच निर्यात करा. क्रॉप त्याच्यावर सोडला तर शेपटी कापली जाते. माहिती शोधून काढण्यासाठी मात्र ही जागा वाईट, दोन वर्षांपूर्वीचा नीलपंख तुम्हालाच सापडणार नाही.

शांतपणे, मोठ्या आकारात, अल्बम लावून दाखवायला फ्लिकर अजूनही चांगलं. २००४ पासून चालू आहे, २०१८ पासून स्मगमग या दुसऱ्या फोटो-संकेतस्थळाच्या मालकीचं. मोफत खात्यात १००० फोटोंची मर्यादा आहे, आणि ती एका अर्थी चांगलीच आहे: हजारात बसवायचे म्हटलं की निवड करावी लागते. कॅमेरा आणि लेन्सच्या नावाने शोधता येतं, त्यामुळे खरेदीआधी अमुक लेन्सने ६०० मिमीला काढलेले लोकांचे खरे फोटो तिथे पाहा. जाहिरातीतल्या नमुन्यांपेक्षा ते बरंच सांगून जातात. ५००पीएक्स या फोटोंच्या संकेतस्थळावर चकचकीत कामाला दाद मिळते, साध्या नोंदीच्या फोटोला नाही.

नोंदीसाठी ईबर्ड, हे पक्षीनोंदींचं संकेतस्थळ. त्या सकाळची यादी भरा, पक्ष्याच्या नावापुढे फोटो जोडा, तो अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या मॅकॉले लायब्ररीत जातो आणि अभ्यासकांना उपयोगी पडतो. तिथे फोटोवर नाव छापलेलं किंवा चौकट चालत नाही, लांब बाजू किमान १००० पिक्सेल ठेवा. इथे सुंदर फोटोपेक्षा ओळख पटणारा फोटो मोलाचा. फुलपाखरं, चतुर, बेडूक यांच्यासाठी आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल, ओळख सांगायला तिथे जाणकार असतात. मराठी विकिपीडियावर कितीतरी पक्ष्यांच्या लेखांना धड चित्र नाही. ते द्यायचं असेल तर विकिमीडिया कॉमन्स. पण तिथला परवाना व्यापारी वापरालाही मुभा देतो आणि दिल्यावर मागे घेता येत नाही, एवढं समजून द्या.

काम मिळवायचं असेल तर स्वतःचं पान हवं. अडोबीचा फोटोग्राफी प्लॅन आधीच घेतला असेल तर त्यात पोर्टफोलिओ मिळतो, वेगळे पैसे पडत नाहीत. प्रिंट विकायचे असतील तर स्मगमग, ते पैसे घेऊन चालतं. पानावर वीस फोटो ठेवा. एकविसावा टाकायचा असेल तर आधी एक काढा.

साठवणीसाठी यातलं काहीही धरू नका. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ ला संपली, आता जीमेल आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबी. एक रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, कच्ची फाइल) २५ एमबीची धरली तर भिगवणच्या एका सकाळचे ८०० फोटो २० जीबी होतात. दोन हार्ड डिस्क घ्या, त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा.

जागा बंद पडतात हेही ध्यानात असू द्या. पिकासा वेब आणि पॅनोरामिओ २०१६ मध्ये गेले. फोटोबकेटने २०१७ मध्ये दुसरीकडे फोटो दाखवायला वर्षाला सुमारे ४०० डॉलर मागितले, आणि जगभरच्या जुन्या लेखांत फोटोंच्या जागी राखाडी चौकोन आले. मराठी संकेतस्थळांवरच्या कितीतरी जुन्या भटकंतीवर्णनांत आज "फोटो खाली पाहा" एवढंच उरलंय. लेखात फोटो लावायचा असेल तर जिथे लेख आहे तिथेच तो चढवा. गूगल फोटोजमधून उचललेला पत्ता काही दिवसांनी मरतो.

चढवण्याआधी

कलर स्पेस (फाइलमधले रंग मोजायची पद्धत) एसआरजीबी. अडोबी आरजीबी तसाच चढवला की बऱ्याच ठिकाणी खंड्याचा निळा राखाडी दिसतो. लांब बाजू २०४८, जेपीजी क्वालिटी ८० ते ८५, शार्पनिंग "स्क्रीनसाठी" आणि तेही आकार लहान केल्यानंतर. कॉपीराइटच्या रकान्यात स्वतःचं नाव घाला.

मथळ्यात मराठी नाव, शास्त्रीय नाव, तालुका-जिल्हा आणि तारीख लिहा. टॅगमध्ये देवनागरी 'खंड्या' हवाच. तो नसला तर मराठीत शोधणाऱ्याला तुमचा फोटो कधीच सापडणार नाही.

फोटोत नोंदलेला जागेचा जीपीएस मात्र काढून टाका, निदान घुबडाच्या ढोलीचा, माळढोकाचा आणि वाघाचा तरी. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या प्रजातींची जागा आपोआप अंधूक करतं, ईबर्ड संवेदनशील प्रजातींच्या नोंदी झाकतं, पण मथळ्यात "अमुक तळ्यामागच्या वडावर" लिहिलंत तर दोघांचाही इलाज नाही. घरट्यावरचे फोटो चढवूच नका. एका फोटोपाठी पुढच्या रविवारी दहा लेन्स त्या झाडाखाली उभ्या राहतात आणि पालक पक्षी परत येत नाहीत.

परवान्याची मूळ निवड प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. फ्लिकर "सर्व हक्क राखीव" धरतं, आयनॅचरलिस्टवर बिगरव्यापारी वापराची मुभा आधीपासून टिक केलेली असते. खातं उघडल्या दिवशीच सेटिंगमध्ये जाऊन ती हवी तशी करा, पाचशे फोटो चढवल्यावर एकेक बदलत बसणं नको.

चढवून झाल्यावर लॉग आउट करा आणि आपलंच पान घरातल्या सगळ्यांत स्वस्त मोबाइलवर, बाहेर उन्हात उघडा. खंड्याची चोच दिसते का बघा. दिसत नसेल तर सावल्या थोड्या उजळ करून तीच फाइल पुन्हा चढवा.